सरकलेला बोर्ड

टेप तिसऱ्यांदा लावली तरी तीनशे दहा फूटच भरले.

बोर्ड शेठजींच्या बंगल्याचे कंपाउंड संपते तिथे असायला हवा होता. नकाशात तो तिथेच होता. अडीच महिन्यांपूर्वी मी स्वतः उभा राहून तो तिथे पुरून घेतला होता. आणि आता तो तिथून तीनशे दहा फूट पुण्याच्या बाजूला उभा होता. अगदी ओळंब्यात, बुडाशी दगड ठोकलेले, जणू पहिल्यापासून तिथलाच.

टेपेचे दुसरे टोक खंडूच्या हातात होते.

“किती भरलं सायेब?” त्याने जमिनीकडे बघत विचारले.

“किती भरलं ते तुला ठाऊक आहे.”

तो टेपेवरची धूळ अंगठ्याने पुसत राहिला.

मी तेव्हा लोणावळ्याला सडकेच्या कामावर ओव्हरसिअर होतो. ओव्हरसिअर म्हणजे नकाशा करणारा इंजिनिअर आणि घमेले उचलणारा मजूर यांच्या मधला माणूस. लोणावळ्यापासून पुण्याच्या दिशेने अकरा मैल सडक माझ्याकडे होती. दर दोन मैलांना एक मैलकुली असे. खड्डे बुजवायचे, गटारे मोकळी करायची, दगडांना चुना फासायचा, हे त्याचे काम. खंडू त्यांतला एक. त्याची वाडी सडकेला लागूनच होती. वाडीचे नाव मी लिहीत नाही. तिथली माणसे अजून आहेत, आणि मी त्यांना तोंड दाखवू शकेन असे मला वाटत नाही.

डांबर तेव्हा आमच्या तुकड्यापर्यंत पोचले नव्हते. सडक खडी-मुरुमाची. मोटार गेली की मागे धुळीचा लोट उठायचा आणि पाच मिनिटे खाली बसायचा नाही. मुंबईच्या एका शेठजींचा बंगला अगदी सडकेवर होता. ते व्हरांड्यात चहाला बसले की धूळ कपात पडायची. त्यांनी वरपर्यंत पत्रे लिहिली. वरून हुकूम आला, बंगल्यासमोर ताशी पंधरा मैलांची मर्यादा घाला. आमच्या अकरा मैलांतली ही पहिली वेगमर्यादा. ती कोणाचा जीव वाचावा म्हणून नव्हती. चहासाठी होती.

मर्यादेला दोन बोर्ड लागतात, दोन टोकांना एकेक. प्रत्येकाला दोन तोंडे. येणाऱ्याला तो सांगतो की इथून हळू, जाणाऱ्याला सांगतो की इथून मोकळे. आमचा पुण्याकडचा बोर्ड कुठे लावायचा हा प्रश्न आला तेव्हा मी आमच्या डेप्युटी इंजिनिअर साहेबांसमोर उभा होतो.

“साहेब, कंपाउंडच्या पुढे दोनशे साठ फुटांवर वाडीची पायवाट सडक ओलांडते,” मी म्हणालो. “तिथे उतार आहे आणि वळणही. बोर्ड पायवाटेच्या पलीकडे नेला तर—”

“पायवाटेवरून कोण जातं?”

“गवताचे भारे घेऊन बायका जातात. आश्विन-कार्तिकात.”

“गवत काय बारा महिने येतं? मोटारवाले आधीच ओरडतायत की बंगलेवाल्यांसाठी आम्हाला रांगायला लावता म्हणून. कंपाउंड संपलं की हद्द संपली. नकाशात तसंच दाखवा.”

मी नकाशात तसेच दाखवले. माणूस एकदा बोलून गप्प बसला की आपण बोललो होतो एवढे समाधान त्याला पुरते. मला पुरले.

बोर्डाचा परिणाम झाला. शेठजींचा पहारेकरी फाटकात बसून जोरात जाणाऱ्या मोटारींचे नंबर टिपायचा, दोघांना दंडही झाला. मग सगळे ड्रायव्हर बोर्डापर्यंत शहाण्यासारखे जाऊ लागले. आणि बोर्ड मागे पडला रे पडला की सगळी कसर उतारावर भरून काढू लागले. पूर्वी ते सगळीकडेच एका मध्यम वेगाने जात. आता बंगल्यासमोर रांगत आणि वाडीसमोर उधळत. मर्यादेने वेग कमी केला नव्हता. शेठजींच्या दारातून उचलून खंडूच्या दारात नेऊन ठेवला होता.

हे मला तेव्हा दिसले नाही. खंडूला दिसले. खरे तर त्याला ऐकू आले.

“गाडी कुटं वरडती ते ऐका, सायेब,” टेप गुंडाळता गुंडाळता तो त्या दिवशी मला म्हणाला. “बोर्ड जितं असंल तितं डायवर पाय दाबतो. तितंच ती वरडती. पयल्यांदा ती आमच्या वाटंवर वरडायची. म्हून म्या बोर्ड जरा म्होरं घेतला. हप्त्याला धा-पंधरा पावलं. आता वाटंच्या पल्याड जाऊन वरडती.”

“कुणाला विचारून घेतलास?”

“तुमाला इचारलं असतं तर तुमी हो म्हनला असता का?”

मग तोच पुढे म्हणाला, “बाईच्या डोस्क्यावर भारा असतो. गवत डोळ्यांवर येतं, कानांवर येतं. मान वळवायला गेली तर भारा खाली. ती सडक बगत न्हाई, नुसती पायांखालची माती बगत चालती. आमचं गवात आजून पंधरा दिस चालंल. निदान देवदिवाळीपातुर ऱ्हाऊ द्या. मंग म्या सोता जागच्या जागी नेऊन पुरतो.”

पंधरा दिवसच तो मागत होता.

पण चार दिवसांनी बड्या साहेबांचे इन्स्पेक्शन होते. माझी नोकरी कायम करण्याचा कागद त्यांच्याच सहीसाठी जाणार होता. माझी खात्यात ख्याती होती ती टेपेची. माझा फर्लांग म्हणजे फर्लांग, असे डेप्युटी साहेब चारचौघांत म्हणायचे. नकाशात एक आणि जमिनीवर दुसरेच, हे बड्या साहेबांना दिसले तर काय, एवढेच माझ्या डोक्यात होते.

“आत्ताच्या आत्ता काढ,” मी म्हणालो. “मूळ जागी पूर. आणि या वेळी दगड नकोत. चुन्याचं काँक्रीट कर.”

खंडूने पहार घेतली. तेवढ्यात पायवाटेने त्याची बायको सरूबाई आली. कमरेला विळा, डोक्याला चुंबळ. ती माहेरची सुदुंबऱ्याची, तोंडाची फटकळ. मला टेप लावताना बघितले की तिचा एक प्रश्न ठरलेला असे. त्या दिवशीही तिने तो विचारलाच.

“काय सायेब, सडक वाढली का आटली?”

एरवी मी हसायचो. त्या दिवशी हसलो नाही. तिने नवऱ्याकडे पाहिले, उपटलेल्या बोर्डाकडे पाहिले आणि माळाकडे निघून गेली.

इन्स्पेक्शन झाले. बड्या साहेबांची मोटार त्या जागेवरून गेली तेव्हा ते पलीकडच्या खिडकीतून बंगल्याची बाग बघत होते. बोर्डाकडे त्यांची नजरसुद्धा गेली नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मी आणि खंडू वळणाच्या अलीकडे, फर्लांगभर अंतरावर, एका मोरीपाशी होतो. मोरी म्हणजे सडकेखालून पाणी जायची वाट. तिचा एक दगड सुटला होता. मी वाकून बघत होतो. लोणावळ्याकडून मोटारीचा आवाज आला. बंगल्यासमोर हळू, एकसारखा. मग बोर्ड मागे पडला आणि ती ओरडली. खंडूने सांगितल्यापासून मलाही ते ऐकू येऊ लागले होते. ती ओरडली, आणि मध्येच थांबली.

खंडूने हातातले घमेले टाकले. मी सरळ उभा राहीपर्यंत तो वळणापर्यंत पळत गेला होता.

सडकभर गवत पसरले होते. ड्रायव्हर खाली उतरून दोन्ही हात डोक्यावर धरून उभा होता. तरुण मुलगा होता. मला खाकी कोटात बघून तो माझ्याकडेच आला आणि रडत म्हणाला, “साहेब, बोर्ड संपला म्हणून सोडली हो. हद्दीत पंधरावरच होती. विचारा पाहिजे तर पहारेकऱ्याला.”

तो खरे बोलत होता. मी लावलेल्या बोर्डाने त्याला जे सांगितले तेच त्याने केले होते.

सरूबाई शुद्धीवर होती. खंडू तिचे डोके मांडीवर घेऊन बसला होता आणि तिच्या केसांतून गवताची एकेक काडी काढत होता. आम्ही तिला त्याच मोटारीत घालून लोणावळ्याच्या दवाखान्यात नेले, तिथून आगगाडीने पुण्याला. ती जगली. उजवा पाय मात्र गुडघ्याच्या वर कापावा लागला.

संध्याकाळी पोलीस जमादार मला घेऊन जागेवर आला. “ओव्हरसिअरसाहेब, तुमची टेप पक्की म्हणतात. बोर्डापासून किती ते सांगा.”

त्याने एक टोक धरले, मी दुसरे. दोनशे साठ फूट भरले.

“म्हणजे हद्दीबाहेर,” तो म्हणाला आणि लिहून घेतले. “ड्रायव्हरवर काही येत नाही मग.”

जुन्या जागी, म्हणजे खंडूच्या जागी, बोर्ड असता तर ती जागा हद्दीच्या आत पन्नास फूट आली असती. हे मी जमादाराला सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी डेप्युटी साहेबांनी विचारले.

“बोर्ड मंजूर जागेवर होता ना?”

“होता.”

“नक्की?”

“काँक्रीटमध्ये आहे साहेब.”

“मग आपलं काही नाही. तुम्ही इन्स्पेक्शनच्या आधी मोजून घेतलंत हे फार बरं झालं.”

मी मान हलवली. माझे म्हणणे पडले की खरे सांगितले तर खंडूने सरकारी बोर्ड हलवला हेही सांगावे लागेल आणि त्याची नोकरी जाईल. त्याला वाचवण्यासाठी मी गप्प आहे, असे मी स्वतःला कित्येक दिवस सांगत होतो. हे कारण खोटे नव्हते. पण पहिले नव्हते. पहिले कारण माझा कायम होण्याचा कागद होता. तो पंधरा दिवसांनी सही होऊन आला.

माझी बायको त्याच्या दोन वर्षे आधी तापाने गेली होती. मूलबाळ नव्हते. सरकारी खोलीत मी एकटा, जेवण खानावळीत. दिवसभरात माझ्याशी कोणी माणसासारखे बोलत असेल तर तो खंडू. त्याच्या दोन मैलांत मी गेलो की तो माझ्या शेजारून चालायचा. कोणाची म्हैस व्याली, कोणत्या मोरीत साप निघाला, इंद्रायणीला पाणी किती आहे, सगळे सांगायचा. मी हूं हूं करायचो. पण ते दोन मैल मला घरासारखे होते, हे ते बंद झाल्यावर कळले.

सरूबाईला पुण्याहून आणल्यावर खंडू कामावर आला. काम पूर्वीइतकेच चोख. पण आता तो माझ्या मागून चालायचा. वीस पावले. मी थांबलो की तो थांबायचा. मी हाक मारली की जवळ येऊन उभा राहायचा.

“खंडू, सरूबाई कशी आहे?”

“हाय सायेब.”

“काही औषधपाणी लागलं तर सांग.”

“व्हय सायेब.”

एवढेच. त्याने मला एकदाही दोष दिला नाही. दिला असता तर मी काहीतरी बोललो असतो. वाद घातला असता, पाया पडलो असतो, काय केले असते कोण जाणे. त्याने मला ती सोय दिली नाही. त्या थंडीत मी मैलोन्‌मैल मागच्या पावलांचा आवाज ऐकत चाललो. संध्याकाळी खोलीत दिवा लावून गणित करत बसायचो. आमची सडक अठरा फूट रुंद. भारा घेतलेल्या बाईला ती ओलांडायला सहा सेकंद तरी लागतात. तेवढ्यात ताशी तीस मैलांनी येणारी मोटार अडीचशे फुटांहून जास्त येते. पंधराने येणारी त्याच्या निम्मी. हे गणित मला बोर्ड लावायच्या आधीही येत होते. करायचे सुचले नव्हते, कारण चहाच्या कपाला गणित लागत नाही.

मी बोर्ड पुढे नेण्याचा प्रस्ताव पाठवला. तो शेरा मारून परत आला, “कारण?” मी लिहिले, गवताची वाहतूक. पुन्हा परत आला, “वाहतूक हंगामी आहे. आवश्यकता दिसत नाही.” मी अपघाताचा दाखला जोडला. उत्तर आले की अपघात हद्दीबाहेरचा आहे, सबब त्याचा मर्यादेशी संबंध नाही. माझ्याच टेपेचा आकडा मला परत पाठवला होता.

चौथ्या वेळी मी खरे लिहिले. सगळे नाही, पण जे माझे होते ते. “गणपतीनंतरच्या अडीच महिन्यांत हा बोर्ड हळूहळू पायवाटेच्या पलीकडे नेलेला होता. वरच्या मंजुरीशिवाय तो हलवला गेला, याला सर्वस्वी मी जबाबदार आहे. तो तिथे पोचल्यावर मोटारी पायवाट ओलांडून मगच वेग घेत होत्या. इन्स्पेक्शनच्या भीतीने मी तो मूळ जागी आणला. आठव्या दिवशी अपघात झाला.” खाली सही केली. खंडूचे नाव कुठेही घातले नाही.

डेप्युटी साहेबांनी मला बोलावले. कागद त्यांच्या पुढ्यात होता.

“हे काय लिहिलंय? तुम्हाला कोणी विचारलं होतं?”

“नाही साहेब.”

“हा कागद वर गेला तर शेरा बसेल. बढती विसरा.”

“पण बोर्ड हलेल का?”

त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला. “हलेल,” ते म्हणाले. “असल्या कागदावर नाही म्हणायची कोणाची छाती होणार नाही.”

दोन्ही झाले. माझ्या सर्व्हिस बुकात शेरा बसला आणि भाद्रपदात मंजुरी आली. मूळ जागेपासून तीनशे दहा फूट. खंडूने न मोजता पावलांनी काढलेला आकडा, आता वरच्या सहीचा. मंजुरीसोबतच माझ्या बदलीचा हुकूम होता.

बोर्ड हलवणे हे माझे तिथले शेवटचे काम. काँक्रीट पक्के होते. खंडूला ते फोडायला सकाळ गेली. पहारेचा प्रत्येक घाव माझ्यासमोर पडत होता. शेवटी त्याने खांब खांद्यावर घेतला आणि पायवाटेच्या पलीकडे येऊन उभा राहिला.

“कुटं लावू?”

“तू सांग, खंडू. जागा तुझीच होती.”

“आता कुटंबी लावा,” तो म्हणाला.

सरूबाई पायवाटेच्या तोंडाशी दगडावर बसली होती. काठी शेजारी. अपघातानंतर मी तिच्यासमोर पहिल्यांदाच उभा होतो. मला वाटले ती तोंड फिरवील. तिने माझ्या हातातल्या टेपेकडे पाहिले.

“कुटनं मोजताय?” तिने विचारले.

“कंपाउंडपासून. तीनशे दहा फूट. तुम्ही पडलात तिथून पन्नास फूट पुढे येतो.”

“म्या पडले तितनं नका मोजू,” ती म्हणाली. तिने काठीने मागे माळाकडे दाखवले. पायवाटेवर, सडकेपासून चाळीसेक पावलांवर एक बांध होता. “तितं आमी भारा डोस्क्यावर घेतो. तितनं म्होरं काय दिसत न्हाई. पुन्याकडची गाडी बी दिसत न्हाई. तितनं मोजा.”

तिचे खरे होते. मी लोणावळ्याकडून येणाऱ्या मोटारींचाच विचार केला होता. पुण्याकडून येणाऱ्याला हळू व्हायला तीनशे दहाच्या जागेवर अवघे पन्नास फूट मिळत होते. बाई आंधळी होते ती सडकेवर पाय ठेवल्यावर नाही. त्याच्या कितीतरी आधी, बांधावर. तेवढ्या वेळात कुठूनही मोटार येऊ शकते. हे कोणत्याही नकाशात नव्हते, आणि माझ्या गणितातही नव्हते.

मी बांधापाशी गेलो. तिथून सडकेपर्यंत तिच्या चालीने चाललो, मान न वळवता, मातीकडे बघत. सेकंद मोजले. मग बोर्ड पुण्याच्या बाजूला आणखी पुढे न्यायला सांगितला. आणखी एकशे चाळीस फूट. मंजुरी नव्हती.

खंडूने खड्डा घेतला, खांब उभा केला, ओळंबा लावून पाहिला.

“काँक्रीट करू का सायेब?”

“नको,” मी म्हणालो. “दगडच ठोक.”

त्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि दगड ठोकायला वाकला. परत येताना तो माझ्या मागूनच चालत होता. वीस पावले. मी चाल मंद केली, तशी त्यानेही केली.

पुढे माझी बरीच गावे झाली. बढती उशिरा मिळाली आणि थोडीच मिळाली. त्या सडकेवर मी पुन्हा कधी गेलो नाही, पण तिकडून आलेल्या माणसांना बोर्ड कुठे आहे ते आडून विचारतो. अजून जागेवर आहे, म्हणजे नकाशातल्या जागेच्या पुढे एकशे चाळीस फूट. हे मी प्रथमच लिहीत आहे. कोणाला टेप लावून पाहायची असेल तर पाहावी. चूक माझी आहे, खंडूची नाही.

आता कुठे मर्यादा घालायची असली की मी आधी टेप काढत नाही. दिवसभर सडकेच्या कडेला बसतो. माणसे कुठून निघतात आणि कुठपासून त्यांना दिसेनासे होते ते बघतो. गाडी कुठे ओरडते ते ऐकतो. त्यात एक दिवस जातो. कामाच्या दिवसांचा हिशेब मागवणारे साहेब विचारतात, हा दिवस कशात दाखवू? मी सांगतो, रजेत दाखवा.